आडवे शब्द, उभे शब्द आणि आबांचा आखाडा

वाचकहो, एका तीन अक्षरी शब्दाने आमच्या घराची दिशाभूल कशी केली, ते आपणांस प्रथम सांगते.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेला, राणीसावरगाव हे माझे माहेर. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. शिक्षकाची नोकरी संपल्यावर ते पूर्णवेळ शेतीत रमले आणि वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवणे हा त्यांचा रोजचा नेम झाला. सकाळच्या गाडीने वर्तमानपत्र गावात आले की चहा निवत ठेवून ते पेन्सिल शोधू लागत. पेनने कोडे सोडवणारा माणूस गर्विष्ठ असतो, असे त्यांचे मत होते.

वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी पुण्याला आणले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत आबा सारखे दाराकडे पाहत होते. तरुण डॉक्टरांनी सहज विचारले, "आजोबा, एवढी घाई कसली?"

"आखाड्यावर जायचंय," आबा म्हणाले. "बैलं उपाशी असतील."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "पूर्वी कुस्ती खेळायचे का हे?" मी नाही म्हटले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. नंतर मी तो कागद पाहिला. रुग्ण गोंधळलेला वाटतो, कुस्तीच्या आखाड्यात जायचे म्हणतो, अशा अर्थाची नोंद होती.

मला हसूही आले आणि रागही. आमच्या परभणी, हिंगोली, नांदेड भागात आखाडा म्हणजे शेतातला निवारा. चार खांब, वर पत्रे, एका बाजूला जनावरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला कडबा आणि राखणीला झोपायला एक बाज. तिथे मातीही असते, पण कुस्तीची नव्हे. मी डॉक्टरांना हे समजावून सांगितले. ते सज्जन होते, त्यांनी नोंद खोडली. घरी येऊन आम्ही सर्वांनी ही गंमत चवीने सांगितली. शहरातल्या डॉक्टरांना आखाडा कळत नाही, म्हणून आबांना वेडे ठरवत होते!

या हशात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आबांनी बैलजोडी सहा वर्षांपूर्वीच विकली होती.

आखाडा हा शब्द बरोबर होता, बैल चुकीचे होते. डॉक्टरांनी बरोबर शब्दाला गोंधळ मानले, आणि मी शब्दाचा बचाव करताना खरा गोंधळ नजरेआड केला. पुढे सात महिन्यांनी एका पहाटे आबा अंथरुणात नव्हते. भावाला ते आखाड्यावर सापडले, रिकाम्या गव्हाणीपुढे, हातात कडब्याची पेंढी घेऊन उभे. मग मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे निदान झाले. त्या सात महिन्यांची खंत मला आजही आहे. ते सात महिने हाती असते तर आजार टळला असता असे नाही. पण रात्री दाराला कडी कधी घालायची, बँकेचे व्यवहार कोणी पाहायचे, आखाड्यावर जाताना सोबत कोण असावे, हे सारे आम्ही घाबरून नव्हे, शांतपणे ठरवले असते.

ज्येष्ठांच्या आरोग्याविषयीच्या या लेखात शब्दकोडे आणि शब्दकोश कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडला असेल, तर त्याचे उत्तर या प्रसंगात आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ असतात आणि समोरच्या माणसाच्या मनात त्यांपैकी कोणता आहे हे ओळखावे लागते. कोडे सोडवणारा रोज हेच करतो, आणि वयस्क माणसाची काळजी घेणाऱ्यालाही दुसरे काही करावे लागत नाही.

मराठी कोड्याचे घर

शब्दकोड्याचा आजचा अवतार फार जुना नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत चौकटींचे असे कोडे छापले. त्याचा आकार पतंगासारखा चौकोनी होता. काही वर्षांतच हा खेळ जगभर पसरला. मराठीत तो आला तेव्हा मात्र त्याला लिपीमुळे वेगळेच वळण मिळाले.

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर बसते. राणीसावरगाव या नावाला आपल्या कोड्यात सातच घरे लागतात: रा, णी, सा, व, र, गा, व. ते आडवे लिहिले तर सहाव्या घरातल्या 'गा'मधून 'गंगाखेड' उभे उतरवता येते. गाव आणि तालुका असे एका 'गा'त भेटतात. ही करामत आबांची, माझी नव्हे. पुण्याच्या मुक्कामात एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी ती मला काढून दाखवली होती.

या रचनेचे दोन परिणाम होतात. एक, छेदणाऱ्या शब्दातून मिळणारी मदत फार मोठी असते. सगळे अक्षर काना-मात्रेसह हाती येते आणि ते उच्चारता येते. 'खे' मिळाला की तोंड आपोआप पुढच्या अक्षराकडे वळते. दुसरा परिणाम उलटा आहे. आपल्या कोड्यात दोन आणि तीन घरांच्या शब्दांची गर्दी असते, आणि मराठीत जितका शब्द लहान तितके त्याचे अर्थ अधिक. चौकट सोपी असते, पण अर्थ निसटते असतात.

'पाट' घ्या. जेवायला बसायचा पाट, शेताला पाणी देणारा पाट, आणि एकेकाळी विधवेचा लावला जाई तो पाट. 'वार' म्हणजे आठवड्याचा दिवस, शस्त्राचा घाव, कापड मोजायचे माप, आणि गाय व्याल्यावर पडते ती वार. 'माळ' गळ्यात घालावी किंवा त्यावर गुरे चारावीत. 'घाट' नदीला असतो, डोंगराला असतो आणि भांड्यालाही असतो. सूचना देणारा यांतला सर्वांत कमी वापरातला अर्थ मुद्दाम निवडतो. आपले मन सर्वांत परिचित अर्थाला चिकटून बसते. त्याला तिथून सोडवून दुसऱ्या अर्थाकडे नेणे, हेच कोड्यातले खरे श्रम.

माझा सर्वांत आवडता शब्द 'पोत'. राणीसावरगावात रेणुकामातेचे मंदिर आहे, आणि देवीच्या गावात वाढलेल्या मुलाला पोत म्हटले की आधी पेटता पोत दिसतो, तेलात भिजवलेल्या कापडाचा, गोंधळी हातात धरून नाचवतात तो. आईला पोत म्हटले की गळ्यातली काळ्या मण्यांची पोत. भावाला जमिनीचा पोत, कारण तो कृषी विद्यापीठाच्या शिबिराला जाऊन आलेला. साडीच्या दुकानदाराला कापडाचा पोत. आणि संस्कृत शिकलेल्या आबांना जहाज. एका घरातली पाच माणसे एका दोन अक्षरी शब्दाकडे पाहतात आणि पाच वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पोहोचतात. त्यांतले कोणीही चुकलेले नसते.

नानार्थांची जुनी परंपरा

हा खेळ आपल्याला नवा वाटतो, पण त्यामागची जाणीव फार जुनी आहे. अमरसिंहाच्या अमरकोशात तिसऱ्या कांडात 'नानार्थवर्ग' नावाचे एक प्रकरणच आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ तेथे श्लोकांत बांधून दिले आहेत, पाठ करता यावेत म्हणून. 'हरि' या शब्दाचे अर्थ त्यात पाहावेत: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक. शिवाय पिंगट रंग. बेडकापासून विष्णूपर्यंत सर्व एका नावाखाली! 'कर' या शब्दाचेही राजाला द्यायचा कर, हात आणि किरण असे अर्थ त्यात मिळतात. हा 'कर' ध्यानात ठेवावा, लेखाच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

मराठीपुरते बोलायचे तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मोबाईलवर अक्षरे मोठी करता येतात, ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय. नातवंडांना एवढे काम जरूर सांगावे. कोशात एका शब्दाखाली अर्थांना क्रमांक दिलेले असतात. कोडे पडले नसतानाही एखादा शब्द उघडून सातव्या-आठव्या अर्थापर्यंत वाचत जाणे हा दुपारचा फार उत्तम विरंगुळा आहे.

तरीही कोश सगळे सांगत नाही, आणि वर्तमानपत्रातील कोडे तर बहुधा पुण्या-मुंबईच्या मराठीत रचलेले असते. सूचना येते, 'संचार, तीन अक्षरी'. उत्तर, 'वावर'. आमच्याकडे वावर म्हणजे शेत. आबा हे उत्तर लिहीत, पण दर वेळी कुरकुरत की वावरात नांगर धरावा लागतो, संचार कसला करता! 'बाज' म्हणजे शिकारी पक्षी किंवा तबल्याचा बाज, असे कोडेकार धरून चालतो. आमच्याकडे ती सुतळीने विणलेली झोपायची बाज. मराठवाड्यातील ज्येष्ठांच्या शब्दभांडारात आणखी एक थर आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ज्यांचे बालपण तेव्हाचे, त्यांच्या कानांवर घरात मराठी आणि कचेरी-बाजारात उर्दू पडत होती. त्यामुळे एकाच वस्तूला दोन भाषांतली नावे आणि एकाच नावाला दोन भाषांतले अर्थ हे त्यांच्या मनात लहानपणापासून शेजारी शेजारी नांदले.

हा थर आरोग्याच्या दृष्टीनेही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. ती २०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. ही पाहणी रुग्णालयात आलेल्यांची होती, त्यामुळे भाषेनेच हे घडवले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिच्या मेंदूत शब्दांची उलाढाल कमी झाली असेल, हा आपला ग्रह त्याने निश्चित ढळतो.

कोडे सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. सरळ उत्तर असे की, टळतो असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

२०२२ साली अमेरिकेत कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मरणशक्ती वयाच्या मानाने थोडी अधिक उणावलेली, पण दैनंदिन व्यवहार सांभाळणारी १०७ माणसे त्यात होती. काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूच्या व्यायामासाठी रचलेले संगणकीय खेळ दिले. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती खेळणाऱ्यांपेक्षा काहीशी चांगली आढळली. बातमी आनंदाची आहे, पण त्यात काहीच न करणाऱ्यांचा तिसरा गट नव्हता आणि माणसेही थोडी होती. उलट बाजूने, स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे १९३६ साली जन्मलेल्या ४९८ व्यक्तींची पाहणी २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. आयुष्यभर बौद्धिक कामात रस घेणाऱ्यांची क्षमता वरच्या पातळीवर होती, पण उतारवयात ती घटण्याचा वेग त्यांच्यात कमी झालेला दिसला नाही. म्हणजे उंच कड्यावरून उतरू लागलेला माणूस पायथ्याशी उशिरा पोहोचतो, एवढेच. मला विचाराल तर हेही थोडे नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या, बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. तीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा यांच्यासह कमी ऐकू येणे आणि दृष्टिदोषावर उपचार न होणे ही कारणेही आहेत. तेव्हा कोड्याचे पुस्तक विकत घेण्याआधी आजोबांच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा आणि कानांची तपासणी करावी. ज्याला सूचना दिसतच नाही, त्याला उत्तर कोठून येणार?

शब्द ओठांवर येतो आणि परत जातो, हे वयपरत्वे सर्वांचेच होते. विशेषतः माणसांची आणि गावांची नावे. त्याला घाबरू नये. शब्दांचा साठा आणि त्यांच्या अर्थांची जाण उतारवयातही बराच काळ शाबूत राहते, तो साठा उघडायला मात्र वेळ लागतो. थोड्या वेळाने किंवा पहिले अक्षर सांगितल्यावर शब्द येत असेल तर ते सहसा वयाचे लक्षण. पण वस्तूचा उपयोगच ध्यानात येत नसेल, तोच प्रश्न तासाभरात पुनःपुन्हा येत असेल, ओळखीच्या रस्त्यावर माणूस चुकत असेल, पैशांचे हिशेब बिघडू लागले असतील, किंवा काळ मागे सरकून विकलेले बैल गोठ्यात येऊन उभे राहत असतील, तर तज्ज्ञांना दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधे यांनीही विसरभोळेपणा वाढतो, आणि त्यांवर उपाय असतात. आबांचे बी-१२ कमी निघाले. ते भरून काढल्यावर आबा थोडे तरतरीत झाले, आजार राहिला.

दोन प्रसंगांत तर एक दिवसही थांबू नये. बोलता बोलता एकाएकी शब्द अडखळू लागले, भलतेच शब्द येऊ लागले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. दुसरा प्रसंग, कालपर्यंत ठीक असलेला ज्येष्ठ दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागणे. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवीन औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देणे हे जिवावर बेतू शकते.

वहिनींची वही

आता घरात काय करता येईल, ते आमच्या घरच्या अनुभवावरून सांगते. आबांची देखभाल माझ्या वहिनी करतात. त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत, आणि या विषयात मला जे कळले त्यातले बहुतेक त्यांच्याकडून.

निदानानंतर मी पुण्याहून कोड्यांची दोन जाड पुस्तके पाठवली. आठवड्यात ती कपाटावर गेली. आबांना पूर्वी पंधरा मिनिटांत सुटणारी चौकट आता अर्धीही भरत नव्हती, आणि प्रत्येक रिकामे घर त्यांना टोचत होते. एकदा त्यांनी पुस्तकच फेकले. माझा उत्साह हा त्यांच्यासाठी रोजची परीक्षा झाला होता.

वहिनींनी खेळ उलटा केला. त्या सूचना वाचतच नाहीत, उत्तर वाचतात. भाजी निवडता निवडता म्हणतात, "मामा, आज शब्द आहे पाट. काय काय पाट असतात?" मग आबा बोलू लागतात. जेवायचा पाट येतो, त्यावरून सुताराची गोष्ट येते, पाण्याचा पाट येतो, त्यावरून पाण्याच्या पाळीची भांडणे येतात. शब्द आठवायचा नसतो, तो समोरच असतो. त्यातून आत जायचे असते. आठवण्यापेक्षा ओळखणे मेंदूला सोपे जाते, हे तज्ज्ञ सांगतात ते वहिनींनी न वाचताच हेरले. एखादा अर्थ आलाच नाही तर त्या स्वतः निम्मा शब्द बोलून थांबतात, पहिले अक्षर देतात, कोड्यातले छेदणारे अक्षर मिळावे तसे. "आठवा ना!" असे त्या कधीही म्हणत नाहीत. "काल तर सांगितलं होतं तुम्ही" असेही नाही.

वेळ सकाळची, अंघोळ आणि नाश्ता झाल्यानंतरची. दिवेलागणीला आबांचा गोंधळ वाढतो, अनेकांचा वाढतो, म्हणून तेव्हा शब्द नाहीत, रेडिओ. पंधरा-वीस मिनिटांत आबा थकले की खेळ बंद. आबांच्या तोंडून निघालेला गावाकडचा अर्थ माझा पुतण्या वहीत लिहितो. ठळक, मोठ्या अक्षरांत, पानावर एकच शब्द. ही वही केवळ करमणुकीची राहिलेली नाही. वहिनी ती दवाखान्यात सोबत नेतात. आबा जे बोलतात त्याचा घरातला अर्थ काय, हे तीत आहे. आखाडा पहिल्या पानावर आहे. अशी वही आपल्या घरीही करावी. परगावच्या नर्सच्या किंवा नव्याने आलेल्या मदतनीसाच्या हाती ती दिली तर 'आजी बाज मागतात' याचा उलगडा लगेच होईल.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडी कोडे आहेच. आपल्याकडे त्याला उखाणा म्हणत. आज उखाणा म्हटले की नवऱ्याचे नाव घेणेच आठवते, पण घरोघरी आजी-नातवंडांत चालणारी कूट कोडी हाही उखाण्याचाच अर्थ. 'नवरात्रात जळतो, गळ्यात शोभते, रानाला असतो, दर्यात तरतो, दोन अक्षरांत सांगा' असे आपणच रचावे. उत्तर वर येऊन गेले आहे.

तपासणीला जाताना घरच्यांनी एक काळजी मात्र घ्यावी. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत वार, तारीख, महिना विचारतात. मूळ चाचण्या शिकलेल्या, शहरी माणसांसाठी रचलेल्या होत्या. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवावी लागली. आपल्या माणसाची बोली, शिक्षण, व्यवसाय डॉक्टरांना आधी सांगावे. त्याच वेळी, माझ्यासारखे बोलीच्या आड लपूही नये. शब्दाचा अर्थ समजावून झाल्यावर उरलेल्या वाक्याकडेही पाहावे. त्यात बैल आहेत का, आणि ते खरोखर आहेत का?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आबांना फेरतपासणीसाठी नेले होते. नव्या डॉक्टर होत्या. त्यांनी विचारले, "आबा, आज वार कोणता?"

आबा गप्प. "तारीख?" तेही सांगता आले नाही. महिना इंग्रजी की मराठी, यात ते अडकले. डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात आबा म्हणाले, "आज कर आहे."

डॉक्टरांनी मान वर केली. मी तोंड उघडले होते, पण वहिनींनी माझा हात दाबला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारले, "कर म्हणजे काय, आबा?"

"सणाचा दुसरा दिवस म्हणजे कर," आबांनी जुन्या मास्तरकीच्या आवाजात सांगितले. "काल पोळा झाला. आज पोळ्याची कर."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. आदल्या दिवसाच्या चौकटीत बैलाचे चित्र होते.